खासगी पत्रे, सरकारी युद्ध : चर्चिल–रूझवेल्ट पत्रव्यवहार, १९३९–१९४५

११ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी विन्स्टन चर्चिल यांना एक छोटे पत्र लिहिले. युरोपात युद्ध पेटून जेमतेम दहा दिवस झाले होते आणि चर्चिल आठवड्यापूर्वीच ब्रिटनचे आरमारमंत्री झाले होते. पहिल्या महायुद्धात आपण दोघेही आरमाराच्या कारभारात होतो, याची आठवण देऊन रूझवेल्ट यांनी सुचवले होते की, जे काही आपल्या कानावर घालावेसे वाटेल ते चर्चिल यांनी थेट लिहावे. मोहोरबंद पत्रे वकिलातीच्या टपालातून पाठवता येतील. त्याच दिवशी त्यांनी पंतप्रधान चेंबरलेन यांनाही लिहिले. पण परदेशच्या एका खातेमंत्र्याशी राष्ट्राध्यक्षाने असा थेट संबंध जोडणे रिवाजाला सोडून होते. चर्चिल यांनी मंत्रिमंडळाची संमती घेतली आणि उत्तरावर नाव घातले ‘आरमारी गृहस्थ’. १० मे १९४० रोजी ते पंतप्रधान झाल्यावर सही बदलली आणि ‘माजी आरमारी गृहस्थ’ अशी झाली. रूझवेल्ट यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे एप्रिल १९४५ पर्यंत, चर्चिल यांच्याकडून सुमारे ११६० आणि रूझवेल्ट यांच्याकडून सुमारे ७९० संदेश गेले.

दोघांची जुनी मैत्री नव्हती. १९१८ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधील एका मेजवानीत ते भेटले होते. रूझवेल्ट यांना ती भेट चांगली आठवत होती, चर्चिल यांना आठवत नव्हती. या पत्रांमधला जिव्हाळा पुढे खरा झाला, पण सुरुवातीपासून तो कामाला जुंपलेला होता. ब्रिटनला अमेरिकेचा माल, जहाजे आणि शेवटी सैन्य हवे होते. अमेरिकेला ब्रिटन उभे राहायला हवे होते, मात्र स्वतःच्या अटींवर. ही गरज आणि या अटी एकमेकांशी कशा बोलल्या, हे या तारांच्या सुरातून नेमके कळते.

तारेचा प्रवास

चर्चिल बहुतेक मजकूर तोंडी सांगत, अनेकदा मध्यरात्र उलटल्यावर. टंकलिखित प्रत लंडनच्या ग्रोव्हनर चौकातील अमेरिकी वकिलातीत जाई. तिथे ती सांकेतिक लिपीत घालून वॉशिंग्टनला तारेने पाठवली जाई आणि परराष्ट्र खात्यामार्फत अध्यक्षांच्या हाती पडे. म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानाचे सर्वांत गुप्त शब्द अमेरिकी कारकुनांच्या हातांखालून जात होते. त्यांपैकी टायलर केंट या लिपिकाने दीड हजारांहून अधिक कागदांच्या नकला घरी जमवल्या होत्या. त्यांत चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या संदेशांच्याही नकला होत्या. २० मे १९४० रोजी लंडनमध्ये त्याला पकडण्यात आले. राजदूत जोसेफ केनेडी यांनी त्याचे राजनैतिक संरक्षण काढून घेतले, खटला बंद दाराआड चालला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. हे कागद त्या वेळी अमेरिकेतील तटस्थतावाद्यांच्या हाती लागले असते, तर निवडणुकीच्या वर्षात रूझवेल्ट यांची पंचाईत झाली असती.

अमेरिका युद्धात उतरल्यावर व्यवस्था बदलली. जानेवारी १९४२ मध्ये व्हाइट हाउसच्या तळमजल्यावर ‘मॅप रूम’ उघडली. चर्चिल डिसेंबरात वॉशिंग्टनला आले तेव्हा त्यांनी स्वतःचा फिरता नकाशाकक्ष बरोबर आणला होता; तो पाहून ही कल्पना उचलली गेली. भिंतींवर आघाड्यांचे नकाशे आणि नेते कुठे आहेत हे दाखवणाऱ्या टाचण्या होत्या. रूझवेल्टची टाचणी सिगारेटच्या नळीची, चर्चिलची सिगारची आणि स्टालिनची चिलमीच्या आकाराची. बाहेर जाणारे संदेश आरमाराच्या यंत्रणेतून आणि येणारे लष्कराच्या यंत्रणेतून, अशी विभागणी रूझवेल्ट यांनी मुद्दाम केली होती. त्यामुळे दोन्ही बाजूंचे संपूर्ण दप्तर मॅप रूमखेरीज कोणत्याही खात्याकडे राहत नसे. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनाही अनेक संदेशांचा पत्ता नसे.

टेलिफोनही होता, पण तो कच्चा दुवा होता. आवाज विस्कटून पाठवणाऱ्या जुन्या यंत्रावरील अटलांटिकपारची संभाषणे जर्मन टपाल खात्याचे तंत्रज्ञ १९४२ पासून ऐकत होते. जुलै १९४३ मध्ये मुसोलिनी पडल्यावर या दोघांत झालेले बोलणेही त्यांनी टिपले. त्याच महिन्यात ‘सिगसॅली’ ही नवी सुरक्षित यंत्रणा सुरू झाली. तिचे लंडनमधील अवजड यंत्र सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरात बसवले होते. तरीही महत्त्वाचे निर्णय तारेनेच होत राहिले, कारण तारेचा मजकूर तोलूनमापून लिहिता येई आणि तिची नोंद राही.

मागणे आणि देणे

पंतप्रधान झाल्यावर पाचव्याच दिवशी, १५ मे १९४० रोजी, चर्चिल यांनी यादीच पाठवली : ४० ते ५० जुन्या विनाशिका उसन्या, काहीशे नवी विमाने, विमानविरोधी तोफा, पोलाद. फ्रान्सची फळी तेव्हा फुटत होती. रूझवेल्ट यांचे उत्तर सौजन्याचे पण सावध होते. विनाशिका द्यायच्या तर काँग्रेसची परवानगी लागेल आणि ती मागण्याची ही वेळ नाही, असे त्यांनी कळवले. २० मेला चर्चिल यांनी वेगळा पेच टाकला. आपले सरकार ब्रिटिश आरमार कधीही शत्रूच्या हाती देणार नाही, पण ब्रिटन हरले आणि दुसरेच कोणी तहाच्या वाटाघाटींना बसले तर त्याच्या हाती आरमार हेच एक चलन उरेल, असे त्यांनी लिहिले. विनंतीच्या पोटात इशारा ठेवण्याची ही रीत त्यांनी पुढेही वापरली.

२ सप्टेंबर १९४० रोजी सौदा झाला. राजदूत लॉर्ड लोथियन आणि हल यांच्यातील पत्रांच्या अदलाबदलीने ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला मिळाल्या. बदल्यात बहामा, जमेका, सेंट लुशिया, त्रिनिदाद, अँटिग्वा आणि ब्रिटिश गयाना येथे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने तळ अमेरिकेला मिळाले; न्यूफाउंडलंड आणि बर्म्युडा येथील तळ मात्र देणगी म्हणून दिले गेले. चर्चिल यांना दोन्ही गोष्टी स्वतंत्र, एकमेकांवरच्या विश्वासाने दिलेल्या दाखवायच्या होत्या. रूझवेल्ट यांना आपल्या मतदारांपुढे हा फायद्याचा व्यवहार म्हणून मांडायचा होता. ‘देणगी’ आणि ‘भाडेपट्टा’ हे दोन्ही प्रकार एकाच करारात आले, ते या ओढाताणीमुळे.

या पत्रव्यवहारातील सर्वांत वजनदार कागद चर्चिल यांचे ८ डिसेंबर १९४० चे पत्र आहे. लोथियन यांनी आग्रह धरला की परिस्थिती आडपडदा न ठेवता, आकड्यांसह मांडावी. आरमार, जहाजवाहतूक आणि तिजोरी या तिन्ही खात्यांकडून मजकूर घेत, अनेकदा फेरलेखन होत ते तयार झाले. ३ नोव्हेंबरला संपलेल्या पाच आठवड्यांत बुडालेल्या जहाजांचा आकडा ४,२०,३०० टन असल्याचे त्यात दिले होते. १९४१ चा निकाल समुद्रावर लागेल, हा युक्तिवाद होता. तीस लाख टन जादा व्यापारी जहाजे बांधून मिळावीत आणि दरमहा २००० जादा लढाऊ विमाने मिळावीत, या मागण्या होत्या. शेवटी खरी अडचण आली : रोख पैसे मोजणे ब्रिटनला लवकरच अशक्य होणार होते. रूझवेल्ट तेव्हा ‘टस्कालूसा’ या क्रूझरवर कॅरिबियन समुद्रात विश्रांती घेत होते. आरमाराच्या सागरी विमानाने हे पत्र त्यांच्याकडे पोहोचवले. लोथियन १२ डिसेंबरला वारले. पत्राचे फळ पाहायला ते उरले नाहीत.

१७ डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत रूझवेल्ट यांनी उत्तर दिले, तेही चर्चिल यांना न उद्देशता. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण बागेतली पाण्याची नळी त्याला देतो. आधी नळीची किंमत मागत नाही, आग विझल्यावर नळी परत घेतो, असे त्यांनी सांगितले. ११ मार्च १९४१ रोजी, युद्धसामग्री उसनी किंवा भाड्याने देऊ करणाऱ्या लेंड-लीज कायद्यावर त्यांची सही झाली. युद्ध संपेपर्यंत या कायद्याखाली सुमारे ५० अब्ज डॉलरची मदत गेली; त्यात ३० अब्जांहून अधिक वाटा ब्रिटन आणि त्याच्या साम्राज्याचा होता. किंमत रोख नव्हती, पण होती. फेब्रुवारी १९४२ च्या लेंड-लीज कराराच्या सातव्या कलमात व्यापारातील भेदभाव संपवण्याचे वचन होते आणि त्याचा रोख साम्राज्यांतर्गत सवलतींच्या जकातीवर होता. या कलमावरून दोघांत तारा झडल्या. लेंड-लीजच्या बदल्यात साम्राज्याची जकातपद्धती मागत नाही, असे रूझवेल्ट यांना स्पष्ट करावे लागले.

हिंदुस्थानचा प्रश्न

ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या प्लॅसेन्शिया उपसागरात दोघे भेटले आणि १४ ऑगस्टला अटलांटिक सनद जाहीर झाली. कोणत्या राज्यव्यवस्थेखाली राहायचे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क तिच्या तिसऱ्या कलमात मान्य केला होता. ९ सप्टेंबरला चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे कलम नाझींनी व्यापलेल्या युरोपपुरते आहे. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाची गोष्ट निराळी. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी रेडिओवरून सांगितले की सनद साऱ्या जगाला लागू आहे.

तोवर सिंगापूर पडले होते. ८ मार्चला रंगूनही गेले. ४ मार्चच्या तारेत चर्चिल यांनी लिहिले की मुसलमानांशी फारकत घेता येणार नाही, कारण लढाईसाठी ज्यावर विसंबायचे ते सैन्य मुख्यतः त्यांचे आहे. प्रत्यक्षात हिंदी सैन्यात मुसलमान निम्म्याहूनही कमी होते. १० मार्चला रूझवेल्ट यांचे उत्तर आले. १७८३ ते १७८९ या काळात तेरा अमेरिकी राज्यांनी जसे तात्पुरते संघराज्य चालवले, तसे विविध जाती, धर्म आणि प्रांतांच्या प्रतिनिधींचे तात्पुरते सरकार हिंदुस्थानात नेमावे आणि कायमच्या घटनेचा विचार नंतर करावा, अशी ही सूचना होती. हा आपला विषय नाही आणि आपल्याला यात ओढू नये, असेही त्यांनी जोडले होते. चर्चिल यांना हा इतिहासाचा दाखला मुळीच पटला नाही; आपल्या युद्धग्रंथात ती तार छापताना त्यांनी तसे स्पष्ट लिहिले.

मार्चअखेर ब्रिटिश मंत्रिमंडळाचा प्रस्ताव घेऊन मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत पोहोचले. रूझवेल्ट यांचे खासगी प्रतिनिधी लुई जॉन्सन ३ एप्रिलला आले आणि संरक्षणखात्याच्या अधिकारवाटपावर तोडगा काढण्याच्या खटपटीला लागले. वाटाघाटी मोडल्या. १२ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासात रूझवेल्ट यांचे विश्वासू सल्लागार हॅरी हॉपकिन्स आणि चर्चिल जागे असताना रूझवेल्ट यांची तार आली. क्रिप्स यांना थांबवून आणखी एक प्रयत्न करावा, असे तिचे म्हणणे होते. युद्धानंतर साम्राज्य सोडण्याचा हक्क द्यायला तयार असलेले सरकार युद्धकाळात स्वराज्य का देत नाही, हे अमेरिकी जनतेला उमगत नाही, असे रूझवेल्ट यांनी लिहिले होते. चर्चिल भडकले. अमेरिकी लोकमत शांत होणार असेल तर आपण पद सोडायला तयार आहोत, पण त्याने मंत्रिमंडळाचे धोरण बदलणार नाही, असे ते हॉपकिन्स यांना म्हणाले. तसा मसुदाही झाला. तो पाठवला गेला नाही. गेलेल्या उत्तराचा सूर वेगळाच होता. क्रिप्स निघून गेले आहेत, अध्यक्षांची तार आपण खासगी समजतो आणि ते सांगतील तरच ती मंत्रिमंडळापुढे ठेवू, असे सांगून चर्चिल यांनी लिहिले की आपल्या दोघांत गंभीर मतभेद झाला तर आपल्याला अतोनात दुःख होईल. एका राष्ट्राच्या भवितव्यावरचा वाद अशा रीतीने दोन स्नेह्यांच्या नाजूक नात्याच्या पातळीवर आणून मिटवला गेला. खासगी वाटेचा उपयोग आणि मर्यादा दोन्ही इथे एकदम दिसतात : औपचारिक खलिता असता तर त्याला मंत्रिमंडळाला उत्तर द्यावे लागले असते.

त्यानंतर रूझवेल्ट यांनी उघड दबाव आणला नाही. १ जुलै १९४२ रोजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून गांधीजींनी त्यांना पत्र लिहिले. स्वतंत्र हिंदुस्थानात तहानुसार दोस्त सैन्य राहू शकेल, असे त्यांनी सांगितले. आणि हिंदुस्थान, आफ्रिका परतंत्र असताना व अमेरिकेतच काळ्यांचा प्रश्न असताना लोकशाहीसाठी लढत असल्याचा दावा पोकळ ठरतो, असेही सुनावले. महिन्याभराने, १ ऑगस्टला, रूझवेल्ट यांनी गोड पण मोघम उत्तर दिले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’ ठराव झाला आणि दुसऱ्या पहाटे गांधीजींना अटक झाली. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये उपोषण करत असताना अध्यक्षांचे नवे प्रतिनिधी विल्यम फिलिप्स यांनी भेटीची परवानगी मागितली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ती नाकारली. हिंदुस्थानच्या पारतंत्र्यावर कडक टीका करणारे फिलिप्स यांचे अध्यक्षांना लिहिलेले पत्र जुलै १९४४ मध्ये वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात फुटले. मोठा गाजावाजा झाला, धोरण तेच राहिले.

हिंदुस्थानवरील एका तारेत मात्र मागणारे चर्चिल होते. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली होती आणि १९४४ च्या वसंतात गव्हाचा तुटवडा समोर होता. १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळा आणि कापूस घेऊन आलेले जहाज फुटले. गोदीबरोबर धान्याचे साठेही नष्ट झाले. २९ एप्रिलला चर्चिल यांनी रूझवेल्ट यांना तार केली. वादळांनी बुडालेले पीक आणि मुंबईच्या स्फोटातील नुकसान या दोन्हींचा त्यात उल्लेख होता. ऑस्ट्रेलियात गहू आहे, तो आणायला अमेरिकी जहाजे मिळावीत, अशी विनंती होती. १ जूनला नकार आला. जहाजे वळवली तर लष्करी मोहिमांना फटका बसेल, असे सेनाधिकाऱ्यांचे मत पडले होते. नॉर्मंडीवरील उतरण पाच दिवसांवर होती. चर्चिल यांच्या सरकारने आदल्या वर्षी युद्धाच्या गरजांचे कारण देत हिंदुस्थानला जहाजे देताना हात आखडता घेतला होता. आता तेच कारण अमेरिकेकडून त्यांना ऐकावे लागले.

पारडे फिरले

१९४२ मध्ये युद्धनीतीवर चर्चिल यांचा शब्द चालत होता. जुलैच्या तारांमधून त्यांनी त्या वर्षी फ्रान्समध्ये उतरण्याची कल्पना मागे टाकवली आणि नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेत मोहीम झाली. दोन वर्षांनी चित्र उलटले. दक्षिण फ्रान्समधील उतरण रद्द करून ते सैन्य इटलीत वापरावे, असा हट्ट चर्चिल यांनी जून १९४४ अखेर लांबलचक तारांतून धरला. रूझवेल्ट यांनी तो नाकारला आणि १५ ऑगस्टला सैन्य ठरल्याप्रमाणे उतरले. युरोपातील रणांगणावर अमेरिकी फौजा आता वरचढ होत होत्या आणि तारांची लांबी सत्तेच्या उलट्या प्रमाणात वाढत होती. चर्चिल यांचे संदेश युक्तिवादाने भरलेले; रूझवेल्ट यांचे अनेक संदेश लष्करप्रमुख मार्शल, अ‍ॅडमिरल लेही किंवा परराष्ट्र खाते लिहून देई आणि ते आटोपशीर असत.

नोव्हेंबर १९४४ मध्ये शिकागोतील नागरी विमानवाहतूक परिषदेत ब्रिटन अमेरिकी प्रस्ताव मानेना, तेव्हा रूझवेल्ट यांनी कळवले की करार न झाल्यास काँग्रेस लेंड-लीजबाबत उदार राहणार नाही. चार वर्षांपूर्वीच्या नळीच्या गोष्टीत आधी किंमत विचारायची नव्हती. आता ती विचारली जात होती. त्याच वर्षी डिसेंबरात अथेन्समधील ब्रिटिश सेनापती जनरल स्कोबी यांना चर्चिल यांनी पाठवलेली, जिंकलेल्या शहरात वागावे तसे वागण्यास सांगणारी तार वॉशिंग्टनमध्ये फुटली. अमेरिकनांच्या नजरेस पडू नये यासाठीची खूण तिच्यावर घालायची राहून गेली होती. आपल्या मित्रापासून काय लपवायचे याचीही ठरलेली पद्धत होती, हे त्या चुकीने उघड झाले.

शेवटच्या महिन्यांत तारांचा विषय रशिया होता. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सातील उठावाला विमानांनी मदत पोहोचवण्यासाठी स्टालिनवर आणखी दबाव आणावा, ही चर्चिल यांची सूचना रूझवेल्ट यांनी मानली नाही. याल्टा येथील तिन्ही नेत्यांच्या परिषदेनंतर, मार्च १९४५ मध्ये, पोलंडमधील सरकारच्या प्रश्नावर चर्चिल यांच्या तारा दिवसागणिक कडक होत गेल्या. ११ एप्रिलला जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्जहून रूझवेल्ट यांनी उत्तर पाठवले : रशियाविषयीचे प्रश्न होता होईल तो मोठे करू नयेत, कारण ते रोज उद्भवतात आणि बहुतेक सुटतात, पण ठाम राहावे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. चर्चिल यांनी हाच धागा नवे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्याशी पुढे चालवला आणि १२ मेच्या तारेत रशियाच्या आघाडीवर लोखंडी पडदा ओढला गेल्याचे लिहिले. जुलैत ते निवडणूक हरले. ऑगस्टमध्ये जपान शरण आल्यावर लेंड-लीज तडकाफडकी थांबले आणि ब्रिटनला अमेरिकेकडे कर्ज मागायला जावे लागले.

दप्तर कसे उघडले

१९४८ ते १९५३ या काळात चर्चिल यांच्या युद्धेतिहासाचे सहा खंड निघाले. त्यांत त्यांनी स्वतःच्या तारा भरपूर छापल्या आणि जगाने हा पत्रव्यवहार प्रथम त्यांच्या निवडीतून पाहिला. १९५७ मध्ये सोव्हिएत परराष्ट्र खात्याने स्टालिनच्या चर्चिल, रूझवेल्ट, ट्रुमन आणि अ‍ॅटली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचे दोन खंड काढले. चर्चिल यांनी वगळलेले काही त्यात सापडले. १९७२ मध्ये ब्रिटिश युद्धकालीन कागद संशोधकांना खुले झाले. अखेर १९८४ मध्ये इतिहासकार वॉरन किंबल यांनी चर्चिल–रूझवेल्ट यांचा संपूर्ण पत्रव्यवहार तीन खंडांत, न पाठवलेल्या मसुद्यांसह, संपादित केला.

त्या मसुद्यांमुळे या पत्रव्यवहाराचे वाचन बदलले. चर्चिल यांचा राग मसुद्यात राहिला आणि स्नेह तारेत गेला. रूझवेल्ट यांच्या बाजूने अनेकदा स्नेह शब्दांत आला आणि निर्णय गप्प राहण्यात झाला. म्हणून दोघांच्या नात्याचा अंदाज केवळ गेलेल्या संदेशांवरून बांधता येत नाही. कोणती मागणी कोणत्या तारखेला झाली, उत्तर किती दिवसांनी आले आणि त्या दिवशी कोणाची किती जहाजे व किती सैन्य कुठे होते, हे शेजारी ठेवले की तारेचा अर्थ लागतो. हिंदुस्थानविषयीच्या तारांना हे सर्वाधिक लागू आहे. त्यांत नैतिक सहानुभूती रूझवेल्टकडे होती, पण मित्राचे मन राखण्याची गरज तिच्याहून मोठी ठरली आणि सत्ता चर्चिल यांच्याच हाती राहिली.